९७८ की ९८१? प्रात्यक्षिकाच्या वहीचा इतिहास

१/
डोळखांब हे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. आजोबाच्या डोंगराकडे निघालेले गिर्यारोहक येथूनच पुढे देहेण्याची वाट धरतात. या परिसरातील एखादा विद्यार्थी विज्ञान शिकण्यासाठी मुरबाडला किंवा कल्याणला गेला, की भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुरुवातीलाच त्याच्या हाती एक फार जुने साधन येते: दोरा, त्याला टांगलेला धातूचा गोळा आणि स्टॉपवॉच. हा साधा लंबक. त्याच्या आधारे वहीत लिहिल्या जाणाऱ्या एका आकड्याची आणि त्या वहीच्या नियमांची ही हकीकत. (धागा)

२/
प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला नियम सांगितले जातात. बॅच चुकवू नये. उपकरणाचे लघुतम माप आणि शून्य त्रुटी आधी लिहावी. प्रत्येक निरीक्षण किमान तीनदा घ्यावे. एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये. निरीक्षणे शाईने लिहावीत, खाडाखोड करू नये. तास संपण्यापूर्वी शिक्षकांची सही घ्यावी. आणि वर्षाअखेरीस प्रमाणित जर्नल असल्याखेरीज प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. बहुतेकांना ही शिस्तीची कलमे वाटतात. प्रत्यक्षात यांतील प्रत्येक कलमामागे काही शतकांचा अनुभव आहे.

३/
लंबकाच्या प्रयोगात दोऱ्याची लांबी आणि दोलनकाळ मोजून गुरुत्वीय त्वरण काढायचे असते. समजा, विद्यार्थ्याचे उत्तर ९७८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असे आले. शेजारच्या टेबलावरील जुन्या वहीत ‘प्रमाण मूल्य ९८१’ असे लिहिलेले आहे. मग दोलनकाळाच्या रकान्यातील एखादा आकडा हळूच बदलतो, उत्तर ९८१ च्या जवळ सरकते आणि वही सुंदर दिसू लागते. प्रयोगशाळेत वावरलेल्या कोणालाही हा मोह अपरिचित नाही.

४/
गंमत अशी, की डोळखांबला ९८१ हे उत्तर बरोबर नाहीच. गुरुत्वीय त्वरण पृथ्वीवर सर्वत्र सारखे नसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे, त्यामुळे तेथे ते सुमारे ९७८.० भरते, तर ध्रुवांपाशी ९८३.२. लंडनला ते ९८१.२ आहे. डोळखांबचा अक्षांश सुमारे १९.५ अंश उत्तर. त्या अक्षांशाला ते ९७८.६ च्या आसपास येते, आणि गावाच्या उंचीमुळे त्यातून दशांशाचाही जेमतेम काही भाग कमी होतो.

५/
मग ९८१ आले कोठून? पाश्चात्त्य क्रमिक पुस्तके ज्या अक्षांशांवर लिहिली गेली, तेथे हा पूर्णांक खराच होता. पुढे १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९८०.६६५ हे संकेतमूल्य ठरवले. ४५ अंश अक्षांशावरील समुद्रसपाटी डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला तो एक सोयीचा आकडा होता. त्याला पूर्णांकात आणले तरी ९८१ च मिळतात. म्हणजे आपले ९७८ खोडून ९८१ लिहिणारा विद्यार्थी सह्याद्रीच्या पायथ्याचे निरीक्षण पुसून दूर उत्तरेकडचे निरीक्षण आपल्या वहीत उतरवत असतो.

६/
हा फरक किरकोळ आहे, शेकड्याला पावपेक्षा थोडा अधिक. पण एवढ्याच फरकाने एकदा पृथ्वीच्या आकाराची समजूत बदलली होती. १६७२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने झाँ रिशे या निरीक्षकाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन येथे पाठवले. मुख्य काम मंगळाचे वेध घेण्याचे होते. कायेन विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या ५ अंशांवर आहे. पॅरिसला अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले.

७/
रिशेला दोन वाटा मोकळ्या होत्या. लंबकाची लांबी पॅरिसला ठरलेली होती. ती प्रमाण मानून आपलेच काही चुकले असे समजणे, ही पहिली. दिसले ते लिहून ठेवणे, ही दुसरी. त्याने दुसरी वाट धरली. सेकंदाचा ठोका बरोबर पडावा म्हणून लंबक सुमारे सव्वा ‘लाइन’, म्हणजे आजच्या मापाने २.८ मिलिमीटर, आखूड करावा लागतो अशी नोंद त्याने केली. एका निरीक्षणावर न थांबता दहा महिने, आठवड्यामागून आठवडा, तो हे माप पुन्हा पुन्हा घेत राहिला.

८/
काहींनी शंका घेतली: उष्ण हवेत धातू प्रसरण पावतो, तेवढ्याने हे झाले असेल. शंका रास्त होती, परंतु प्रसरणाचा हिशेब एवढा मोठा फरक भरून काढू शकत नव्हता. १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात या निरीक्षणाचा आधार घेतला आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे असे प्रतिपादन केले. लंडन आणि डोळखांब या दोन ठिकाणच्या सेकंदाच्या लंबकांत आज हिशेबाने सुमारे २.६ मिलिमीटरचा फरक निघतो. रिशेने जपले आणि विद्यार्थी खोडतो, ते अंतर जवळजवळ सारखेच आहे.

९/
‘तीनदा निरीक्षण घ्या’ आणि ‘आकडा बदलू नका’ या दोन नियमांचे मूळ अशा घटनांत आहे. मात्र रिशे हा अकादमीचा निरीक्षक होता, विद्यार्थी नव्हता. विद्यार्थ्याने स्वतः मापन करावे ही कल्पना त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ रुजली नव्हती. वर्गात प्राध्यापक टेबलावर प्रयोग करून दाखवीत, विद्यार्थी बाकांवर बसून पाहत. मुंबईतही आरंभी ‘नॅचरल फिलॉसॉफी’ या नावाने हा विषय शिकवला गेला. १८५० च्या दशकात एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि नॅचरल फिलॉसॉफीचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले, ते दादाभाई नौरोजी.

१०/
मुंबईत प्रत्यक्ष मापनाची शिस्त मुरली ती मात्र वर्गाबाहेर, कुलाब्याच्या वेधशाळेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांना एकाच वेळी, एकाच पद्धतीने वाचन घेण्याची सवय लावली होती. त्याच प्रेरणेतून जगभर उभ्या राहिलेल्या चुंबकीय वेधशाळांच्या मालिकेत कुलाबाही होते.

११/
एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्याकडे वेधशाळेची सूत्रे होती. बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ तिचा कारभार पाहिला. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयात येथे रुजू झाले. पुढे पुण्यात गणित आणि विज्ञान शिकवणारे, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले जाणारे केरूनाना ते हेच. त्यांच्या पिढीच्या दृष्टीने वेधशाळा हीच पहिली प्रयोगशाळा होती. ठरल्या वेळी उपकरणापाशी हजर राहायचे, वाचन घ्यायचे, वेळेसह लिहायचे आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा उभे राहायचे.

१२/
हजेरीच्या नियमाचा अर्थ येथे उलगडतो. तासातासाने घ्यायच्या निरीक्षणांत एक तास चुकला तर ती जागा कायमची रिकामी राहते. दुपारी २ वाजताचे वाचन ४ वाजता घेता येत नाही, आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची सरासरी काढून ती जागा भरणे म्हणजे न पाहिलेले पाहिल्याचे सांगणे. महाविद्यालयातील लंबक पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो, म्हणून चुकलेल्या बॅचची भरपाई करता येते. पण हजेरीचा नियम ज्या परंपरेतून आला, तिच्यात भरपाईची सोय नव्हती.

१३/
२ सप्टेंबर १८५९. कुलाब्याच्या निरीक्षकांसमोरील चुंबकीय उपकरणे विलक्षण वागू लागली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकाएकी कोसळला. आजच्या मापात ही घट सुमारे १६०० नॅनोटेस्लाची, म्हणजे तेथील एरवीच्या मूल्याच्या शेकडा चारच्या आसपास. रोजचा चढउतार जेथे काही दशकांत मोजला जातो, तेथे हा आकडा अविश्वसनीयच होता. उपकरण बिघडले असे मानून पान कोरे ठेवणे सोपे होते. निरीक्षकांनी तसे केले नाही. उलट काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेत ती लिहून ठेवली.

१४/
आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक तेजस्वी उद्रेक पाहिला होता. त्यापाठोपाठ आलेले चुंबकीय वादळ आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली, उष्ण कटिबंधाच्या जवळपासही ध्रुवीय प्रकाश दिसला. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून या वादळाच्या तीव्रतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आधार कुलाब्याच्या त्या हस्तलिखित नोंदी होत्या. नोंदणाऱ्यांना आपण काय पाहत आहोत याचे स्पष्टीकरण ठाऊक नव्हते. निरीक्षण मात्र शाबूत राहिले.

१५/
कुलाब्याच्याच इतिहासात आणखी एका नियमाची साक्ष मिळते: उपकरणाची त्रुटी आधी ओळखा. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या. त्यांच्या विद्युतप्रवाहाने संवेदनशील चुंबकीय मापने बिघडणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे या पदावरील पहिले भारतीय. त्यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. लोखंडाचा अंश टाळून, पोरबंदरच्या दगडात तेथील इमारती बांधल्या गेल्या.

१६/
पण मूस यांनी कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असे नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. जागा आणि उपकरणे बदलल्यामुळे आकड्यांत किती फरक पडतो हे कळले, तरच १८४० च्या दशकापासूनची मालिका अखंड राहणार होती. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर हे काम पुरे झाले होते. व्हर्निअर कॅलिपरचे जबडे मिटवून शून्य कोठे येते ते पाहणारा विद्यार्थी लहान प्रमाणात हेच करतो: मोजण्यापूर्वी मोजमापाचे साधन तपासतो.

१७/
दरम्यान पाश्चात्त्य विद्यापीठांत विद्यार्थी बाकांवरून उठून टेबलापाशी आला होता. ग्लासगोमध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एका जुन्या मद्याच्या तळघरात विद्यार्थ्यांना मापनाला लावले. जर्मनीत कोलराऊश यांचे प्रात्यक्षिकांचे पाठ्यपुस्तक १८७० मध्ये आले. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत बोस्टनच्या तंत्रसंस्थेत एडवर्ड पिकरिंग यांनी १८६९ च्या सुमारास एक साधी युक्ती केली: प्रत्येक टेबलावर एक उपकरण आणि त्याच्या सूचना कायम मांडून ठेवायच्या, विद्यार्थ्यांनी आळीपाळीने टेबले बदलायची.

१८/
या युक्तीमुळे एका उपकरणाचे वीस नमुने विकत घ्यावे लागत नाहीत. आजही मर्यादित साहित्य असलेल्या महाविद्यालयांत पहिली जोडी लंबकावर, दुसरी स्क्रू गेजवर, तिसरी मीटर ब्रिजवर, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल, हाच क्रम चालतो. त्याचा एक तोटाही आहे. प्रयोग जुनेच राहतात आणि आधी टेबल वापरून गेलेल्या जोडीचे आकडे पुढच्या जोडीला सहज मिळतात. ‘स्वतःची निरीक्षणे स्वतः घ्या, जोडीदाराचे नाव लिहा’ हा नियम या व्यवस्थेला लागणारे कुलूपच होय.

१९/
वही परीक्षेशी कशी जोडली गेली, याचा एक ठळक दाखला हार्वर्डचा आहे. १८८० च्या दशकात तेथे प्रवेशासाठी चाळीस प्रयोगांची यादी ठरवण्यात आली. ती एडविन हॉल यांनी केली होती. चुंबकीय क्षेत्रातील विद्युतवाहकाच्या ज्या परिणामाला त्यांचे नाव आहे, तेच हे हॉल. उमेदवाराने शाळेत प्रयोग करताना लिहिलेली मूळ वही आणावी, आणि ती त्याच्याच कामाची खरी नोंद आहे असा शिक्षकाचा दाखला तिच्यावर असावा, अशी अट होती. मूळ वही, नक्कल नव्हे. प्रमाणित जर्नलची कल्पना येथे स्पष्ट दिसते.

२०/
भारतात प्रयोगशाळा ही कायद्याची अट झाली ती १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने. प्रायोगिक विज्ञानाच्या एखाद्या शाखेसाठी संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयाने, ती शाखा सुसज्ज प्रयोगशाळेत वा संग्रहालयात शिकवण्याची व्यवस्था असल्याचे दाखवावे, असे त्यात म्हटले होते. मुंबईत मोठ्या देणग्यांतून उभी राहिलेली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये सुरू झाली. प्रात्यक्षिक ही आता एखाद्या उत्साही प्राध्यापकाची हौस राहिली नाही. किती प्रयोग, किती तास, किती गुण, हे नियमावलीत आले.

२१/
नियमावलीने दोन गोष्टी साधल्या. लहान गावातील विद्यार्थ्याचाही उपकरणाला हात लावण्याचा हक्क मान्य झाला. सुसज्ज प्रयोगशाळेची अट नसती, तर खडूने फळ्यावर लंबक काढून विषय संपवता आला असता. दुसरे, सर्वांची वही एकसारखी तपासता येऊ लागली. पण तपासणी सोपी व्हावी म्हणून नोंदीचा साचा ठरला: उद्देश, साहित्य, आकृती, सूत्र, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष. हळूहळू कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या झाल्या.

२२/
या दोन वह्यांतच सगळी मेख आहे. कुलाब्याच्या निरीक्षकाची वही एकच होती आणि ती उपकरणाशेजारी उघडी असे. पक्की वही घरी, निवांत, उत्तर कळल्यानंतर लिहिली जाते. तिच्यात खाडाखोड नसते, कारण ती लिहिण्यापूर्वीच सारी खाडाखोड झालेली असते. ‘खोडू नका’ या नियमाचा मूळ अर्थ असा, की चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारा, तो वाचता येऊ द्या, शेजारी नवा लिहा आणि कारण नोंदवा. स्वच्छ वहीला गुण मिळू लागले तेव्हा त्याच नियमाचा अर्थ ‘चूक दिसू देऊ नका’ असा झाला.

२३/
सहीचेही तसेच. तास संपण्यापूर्वी निरीक्षणांवर घेतलेली शिक्षकांची सही एवढेच सांगते, की हे आकडे आकडेमोडीच्या आधी अस्तित्वात होते. उत्तर बरोबर आहे असे ती सांगत नाही. पण जर तीच सही आठवड्याने, पूर्ण झालेल्या पक्क्या वहीवर, दहा प्रयोगांना एकदम पडली, तर ती केवळ पाने भरल्याचा दाखला ठरते. नियम कागदावर तोच राहतो, त्याने जे राखायचे ते मात्र निसटून जाते.

२४/
मग उत्तर ‘बरोबर’ आहे हे कळावे कसे? येथे त्रुटीचा हिशेब लागतो. एक मीटर लांबीचा लंबक डोळखांबला एका दोलनाला सुमारे २.००९ सेकंद घेईल. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंदाची धरू. २० दोलने मोजली तर एकूण वेळ सुमारे ४० सेकंद. उत्तरातील अनिश्चितता ±१० च्या घरात जाते. ५० दोलनांना ती ±४ होते. म्हणजे २० दोलने मोजून आलेले ९७८ आणि ९८१ यांत फरक करताच येत नाही. अशा वेळी आकडा बदलणे अप्रामाणिक तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे.

२५/
२०० दोलने मोजली तर चित्र बदलते. ९८१.२ हे मूल्य खरे असते तर ४०१.२ सेकंद लागले असते, ९७८.६ ला ४०१.७ लागतात. अर्ध्या सेकंदाचा हा फरक हाताच्या चुकीपेक्षा मोठा आहे. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत, मिलिमीटरपर्यंत मोजलेली हवी, कारण १ मिलिमीटर चुकला की उत्तर सुमारे १ ने हलते. झोकाही लहान हवा. लंबक १० अंशांनी ओढून सोडला आणि झोका तेवढाच राहिला तर दोलनकाळ शेकडा ०.२ ने वाढतो आणि उत्तर जवळजवळ ४ ने घसरते. ‘झोका लहान ठेवा’ ही सूचना म्हणूनच असते.

२६/
यातून एक अवघड गोष्टही निघते. ९७८ लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी आपोआप बरोबर ठरत नाही. मोठ्या झोक्यामुळे किंवा हुक न मोजल्यामुळेही उत्तर कमी येऊ शकते, आणि योगायोगाने स्थानिक मूल्याशी जुळू शकते. म्हणून मूल्यमापन उत्तराचे करून भागत नाही. लांबी कशी मोजली, किती दोलने मोजली, झोका किती होता, तीन वाचनांत किती तफावत आली, हे वहीत असेल तरच उत्तराला अर्थ येतो. ‘९७८ ± ४’ यातील ± ४ हा कमीपणा नव्हे. निरीक्षकाने आपल्या मापनाची सांगितलेली मर्यादा आहे.

२७/
भारतातील लंबकाच्या इतिहासात अशा मापनासाठी दिलेला एक प्राणही आहे. महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील कॅप्टन जेम्स बसेव्ही यांनी १८६५ पासून देशात ठिकठिकाणी लंबकाची निरीक्षणे घेतली. १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर, विरळ हवेत निरीक्षणे घेत असताना ते मरण पावले. हिमालयाच्या कुशीतील गुरुत्व, उंची आणि पर्वताचे वस्तुमान धरून केलेल्या हिशेबापेक्षा कमी भरत होते. पर्वतांखालच्या कवचाची रचना समजून घेण्याच्या प्रयत्नांत अशा न जुळणाऱ्या आकड्यांचे मोल मोठे ठरले.

२८/
दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून हा विषय संपत नाही. एस.टी. गाठण्यासाठी तास संपताच निघावे लागणाऱ्या मुलाला २०० दोलने पुन्हा तीनदा मोजायला वेळ कोठून मिळणार? एका स्क्रू गेजवर दोन जोड्या असतील तर निरीक्षणे उसनी घेतली जाणारच. आणि ९८१ पासून दूर गेलेल्या उत्तराचे गुण कापले जात असतील, तर खरे लिहिणाऱ्यालाच शिक्षा होते. कमी प्रयोग, पण प्रत्येकाला पुरेसा वेळ; एकच वही; निरीक्षणांवर त्याच दिवशी सही; आणि गुण उत्तराच्या जवळिकीला नव्हे तर नोंदीच्या खरेपणाला, एवढे बदल झाले तर जुने नियम पुन्हा आपल्या कामाला लागतील.

२९/
लंबकाला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. घराच्या आढ्याला बांधलेली एक मीटर दोरी, एक जड नट किंवा दगड, मोजपट्टी आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच एवढ्यावर डोळखांबच्या कोणत्याही अंगणात हे मापन होऊ शकते. वीस जणांनी प्रत्येकी २०० दोलने मोजली, सर्व आकडे न बदलता एकाच वहीत लिहिले आणि त्यांची सरासरी काढली, तर गावाचे स्वतःचे मूल्य हाती येईल. ते ९८१ नसेल. रिशेचे घड्याळ कायेनला मागे पडले होते; कारण कायेन म्हणजे पॅरिस नव्हते. डोळखांबच्या वहीतही डोळखांबचाच आकडा असायला हवा. (समाप्त)